पाचोळ्याच्या रंगाचं अस्तर

“एक टाका तरी उसवलाय का? दाखव मला.”

फाटक्या जाळीची कड दोन्ही मुठींत धरून वनमालाने ती दारातल्या उजेडात ताणली. शिवण जशीच्या तशी होती, नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी सरळ. फाटली होती ती जाळी. शिवणीच्या शेजारून, टरकन, उभीच्या उभी.

“नाही काकू, शिवण कुठेच उसवली नाही,” उंबऱ्यावर बसलेली दीप्ती म्हणाली. तिच्या पायाशी गोणी होती आणि गोणीत अशाच फाटक्या जाळ्यांचा गोळा. “माकडांनी फाडल्यात.”

“सगळ्या?”

“निम्म्याहून जास्त. उरलेल्या ह्या आठवड्यात फाडतील.”

शेजारच्या दारात रुक्मिणी कोलंबी सोलत बसली होती. तिने मान वर न करताच तोंड उघडलं. “माकडांचा काय चुकला गो? तू एवढी झकास पिशवी शिवलंस, तेंका वाटला बाजाराक जावक दिली.”

“तू कोलंबी बघ तुझी,” वनमाला म्हणाली. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. ती जाळीकडेच बघत राहिली.

बोरीवली पूर्वेला जिथे बिल्डिंगा संपतात आणि घरं एकमेकांचे हात धरून टेकडी चढायला लागतात, तिथे वनमालाचं घर होतं. घरामागे नॅशनल पार्कची भिंत, भिंतीपलीकडे जंगल. जालन्याकडून लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हापासून दारावर तीच पाटी होती, ‘पिको, फॉल, ब्लाऊज’, आणि दाराशी तेच पायमशीन. आयुष्यभर तिने परक्या साड्यांच्या कडा सांभाळल्या. लग्नात साडीचं कौतुक होतं, ब्लाऊजच्या गळ्याचंही होतं, पण “फॉल काय सुरेख लावलाय हो!” असं म्हणणारी बाई अजून जन्माला यायची होती.

दीप्ती पहिल्यांदा आली ती गेल्या दिवाळीच्या आगेमागे. मुलुंडची मुलगी, जंगलाचा अभ्यास करणारी. मच्छरदाणीच्या कापडाचा गठ्ठा घेऊन स्टेशनरोडचे सगळे शिंपी पालथे घालून आली होती. वर तोंड रुंद, खाली निमुळती, अशी मोठी झोळी तिला शिवून हवी होती, एक नाही, तीसेक. शिंप्यांनी तिला हसूनच वाटेला लावलं होतं. वनमालाने मात्र आधी चहा ठेवला आणि मग विचारलं, “ह्यात धरायचं काय पण?”

“पानं. झाडावरून गळणारी.”

“ती तर झाडूवाली रोज गोळा करते.”

दीप्ती हसली होती. मग तिने समजावून सांगितलं. जंगलात जागोजागी ह्या झोळ्या बांबूला बांधून टांगायच्या. वरून पडेल ते पान, काटकी, फूल त्यात अडकेल. दर पंधरवड्याला ते आणायचं, वाळवायचं, वजन करायचं. कुठलं झाड किती गाळतं, कधी गाळतं, ते कळलं की माती कशावर जगते तेही कळतं.

“म्हणजे झाडाचं मातीशी देणंघेणं किती, ते बघायचं,” वनमाला म्हणाली होती. “सुया बदलाव्या लागतील गं. जाळीला बारीक सुई लागते.”

तिथून ते काम तिचं झालं. आणि एकटीचं कसं राहील? झोळ्यांच्या तोंडाला गोल कडी हवी होती. बस डेपोतून निवृत्त झालेल्या चंद्रप्रकाशने, म्हणजे वनमालाच्या नवऱ्याने, वायरिंगचे पाइप गरम पाण्यात बुडवून असे काही वळवले की दीप्तीने फोटोच काढले. रुक्मिणीच्या घरून मासे तोलायचा काटा आला वजनाला. तो मात्र वासासकट परत गेला. समोरच्या सोसायटीतल्या तेजलबेनने पानं वाळवायला गच्ची दिली, पापडांच्या शेजारी, एका अटीवर: पापडावर पान उडालं तर ते पान दीप्तीने खायचं. शनिवारी दुपारी बायका गच्चीवर बसून पानं निवडायच्या. सागाचं इकडे, ऐनाचं तिकडे, तांदळातून खडे निवडावेत तसं.

आणि आता ही गोणी.

“अनिरुद्ध सर काय म्हणाले?” वनमालाने विचारलं. अनिरुद्ध सर म्हणजे दीप्तीचे मार्गदर्शक. त्यांना वनमालाने कधी पाहिलं नव्हतं, पण दीप्तीच्या चेहऱ्यावरून त्यांची तब्येत तिला रोज कळायची.

दीप्तीने नखाने उंबऱ्याची माती टोकरली. “सर म्हणतात, खरी पानगळ होळीला सुरू होते. त्याच्या आत टिकतील अशा जाळ्या लागल्या तर ठीक, नाहीतर हे वर्ष सोडायचं. पुढच्या वर्षी बाहेरून तयार मागवू.”

“बाहेरून म्हणजे?”

“कंपनीच्या मिळतात.”

“कंपनीचा शिक्का बघून माकड हात जोडतं होय?” वनमाला म्हणाली. वर्ष जाणार होतं ते दीप्तीचं. आणि ह्या उंबऱ्यावरून एक रस्ता जंगलात गेला होता, तो बंद होणार होता तो तिचा. परत आपली साडी, परत आपली कड.

तिने जाळीची घडी घातली. “उद्या मला घेऊन चल.”

“कुठे?”

“जिथे टांगल्यात तिथे. ब्लाऊज बसला नाही तर बाईला समोर उभी करून बघावं लागतं. इथं बसून मला काय कळणार, कुठे ताणलंय नि कुठे काचलंय?”

“अगो बाय माझे!” रुक्मिणीचे हात थांबले. “थंय वाघ आसा! रातीचो आमच्या कुत्र्याक घेऊन गेलो तो!”

“दिवसा जाते मी. आणि खाण्यासारखं काय उरलंय माझ्यात? नुसती हाडं नि टाचण्या.”

*

भिंतीपलीकडचं जंगल वनमालाला तसं नवं नव्हतं. दर बुद्धपौर्णिमेला विहारातल्या बायकांबरोबर ती कान्हेरीला जायची. थंडगार लेण्यांत बसून वंदना म्हणायची आणि त्याच डांबरी रस्त्याने परत यायची. पण रस्ता सोडून आत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं. दीप्तीने परवानगीचं बघितलं, आणि सकाळी काशीराम त्यांना न्यायला आला. काशीराम आतल्या पाड्यावरचा. जाळ्यांचे बांबू त्यानेच रोवले होते. बोलणं कमी, चालणं फार.

“सावकास या, बाय. पाचोळा घसरतो.”

पाचोळा घसरत तर होताच, पण बोलतही होता. प्रत्येक पावलाला नवं कोरं कापड फाडल्यासारखा आवाज. सागाची पानं ताटाएवढी, वाळून पापड झालेली. वरून एक पान सुटलं, गिरक्या घेत, कुठे टेकावं ते ठरत नसल्यासारखं रेंगाळत खाली आलं. वनमालाच्या ओठांवर आईची ओवी आली. जात्यावर आई म्हणायची तेव्हा अर्थ कळत नव्हता.

*सागाचं बाई पान, गळताना बोलेना,*
*झाडाच्या जिवाचं गं, दुःख कुणा कळेना.*

“काय म्हणालात, काकू?”

“काही नाही. चल.”

पहिली जाळी लांबूनच दिसली. दिसणारच. तिच्या तोंडाला वनमालाने साडीचा लाल काठ लावला होता. फॉल लावताना कापलेल्या, उरलेल्या काठांच्या पिशव्याच्या पिशव्या तिच्या पलंगाखाली होत्या: लाल, जांभळे, जरीचे, मोराचे. जाळीची कड कच्ची राहू नये म्हणून तिने ते लावले होते, कुणी न सांगता, स्वतःच्या हौसेने. पहिली झोळी काठासकट तयार झाली तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाला होता, “अगं, हे जंगलात टांगायचंय की रुखवतात मांडायचंय?” आणि ती फुशारली होती. जंगलात का होईना, कुठेतरी आपली कड दिसणार होती.

आता त्या जाळीचा अर्धा काठ ओरबाडून गेला होता आणि त्याच्याबरोबर जाळीही. दुसरीचंही तेच. तिसरीचा तर काठ पुरताच नाहीसा.

मग ओढ्याच्या वळणावर शेवटच्या चार-पाच जाळ्या आल्या आणि वनमाला थांबली. त्या धडधाकट होत्या. पोटभर पानं घेऊन निवांत लोंबत होत्या.

ह्या जाळ्या तिला चांगल्या आठवत होत्या. त्यांच्या वेळी काठ संपले होते. कापड दुमडून नुसतीच टीप मारून दिली होती आणि देताना जीव वरमला होता की ह्या आपल्या हातच्या उघड्याबोडक्या लेकी.

तिने मागे वळून पाहिलं. वळणाच्या वर पांगारा फुलला होता. पान नाही, नुसती लालभडक फुलं, आणि फांद्याफांद्यांवर माकडं. ओरबाडून फुलं खात होती, अर्धी खाऊन फेकत होती. एक पिल्लू मात्र फूल खात नव्हतं. त्याच्या मुठीत लाल पट्टी होती. ते ती चावायचं, थुंकायचं, परत चावायचं. जरीची तार टोचत असणार जिभेला.

काशीराम खाली बघत तंबाखू चोळत होता. दीप्ती दुसरीकडे बघत होती.

वनमालाने एकदा पिल्लाकडे पाहिलं, एकदा दीप्तीकडे. “तुला माहीत होतं.”

दीप्ती पायाने पाचोळा उकरायला लागली.

“दीप्ती, मी काय विचारते?”

“पांगारा फुलला त्याच आठवड्यात कळलं होतं, काकू.” तिचा आवाज बारीक झाला. “तुम्ही एवढ्या हौसेने लावले होते. सगळ्यांना दाखवत होतात. मला सांगवेना. वाटलं, पांगारा सरला की माकडं जातील.”

वनमाला जवळच्या दगडावर बसली. काठामुळे जाळ्या फाटल्या ह्याचं तिला तेवढं लागलं नाही. दुसरंच काहीतरी लागलं.

“ब्लाऊज तंग झाला तर गिऱ्हाईक काय करतं?” ती म्हणाली. “माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून श्वास कोंडून फिरतं? दारात येऊन अंगावर फेकतं! ‘वनमालाबाई, डोळे फुटले काय?’ म्हणतं. मला राग येतो, मी उसवते, परत शिवते. काम असंच असतं, पोरी. पाहुण्याच्या भाजीत मीठ जास्त झालं तर आपण गप्प खातो. घरच्या माणसाला सांगतो. मी तुझ्या कामात पाहुणी होते काय?”

“नाही, काकू.”

“मग सांगायचं. तोंडावर सांगायचं.”

“सांगते.” दीप्तीने डोळे पुसले आणि नाक ओढलं. मग धीर करून म्हणाली, “जांभळे पण काढावे लागतील.”

“बघ, लगेच तोंड फुटलं!” वनमाला म्हणाली, आणि काशीराम पहिल्यांदा हसला.

उठताना तिने पायाशी पडलेलं सागाचं एक वाळकं पान उचललं, न मोडता पदरात घेतलं.

*

नंदकुमारचं मॅचिंग सेंटर म्हणजे बोरीवलीच्या बायकांचं दुसरं देऊळ. भिंतभर अस्तरांच्या गुंडाळ्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. आंबा म्हटला तरी कच्चा, पाडाचा, पिकलेला असे तीन रंग तो काढून दाखवायचा. काउंटरवर साडी ठेवायची आणि तिच्याशी जुळणारं कापड घेऊन जायचं, अशी रीत.

“बोला वनमालाबाई. साडी कुठाय?”

वनमालाने पदर उलगडला आणि काउंटरवर सागाचं पान ठेवलं.

नंदकुमारने पान पाहिलं. चष्मा वर केला, पान पाहिलं. चष्मा खाली आणला. मागे उभ्या असलेल्या दोन बायका हसायला लागल्या.

“हे काय?”

“ह्याला मॅचिंग पाहिजे. अस्तर, जाडसर. असं की बाजूला ठेवलं तर कुठलं पान नि कुठलं अस्तर, कळता कामा नये.”

“घालणार कोण आहे हे?”

“जंगल.”

दुसरा कुणी असता तर हसून मोकळा झाला असता. पण नंदकुमारची रंगावर भक्ती होती. त्याने पान नाजूकपणे उचललं आणि दुकानाबाहेर उन्हात नेलं, कारण ट्यूबलाइटमध्ये रंग खोटा बोलतो असं त्याचं म्हणणं. तिथे फूटपाथवर उभा राहून त्याने पान उलटंपालटं केलं. “वरून वेगळाय, खालून वेगळा,” तो स्वतःशी म्हणाला. “वरून चॉकलेटी. खालून राखाडी मारतो. बाई, पान पडतं ते पालथं की उताणं?”

वनमालाला सांगता येईना. तिने तिथूनच दीप्तीला फोन लावला. दीप्ती म्हणाली, “दोन्ही.”

“मग दोन्ही द्या,” वनमाला म्हणाली. “बाहेरून हा, आतून तो.”

मागच्या बायकांचं हसणं थांबलं होतं. त्यातली एक पुढे सरकली. “तो दुसरा बघा ना, खाकीच्या शेजारचा. तो जास्त मातकट आहे.” दुसरीने स्वतःच्या पिशवीतली साडी बाजूला ठेवून गुंडाळी उलगडायला मदत केली. मूठभर माणसं एका वाळक्या पानाभोवती जमली होती आणि कुणालाही घाई नव्हती.

*

मग उसवण्याचं काम. काठ निघाले की त्यांच्या जागी अस्तराच्या पट्ट्या लावायच्या, फाटलेलंही त्यांनीच सांधायचं. पण उसवणं शिवण्याहून वाईट. वनमालाने टीप घट्ट मारली होती, डबल. आपल्यालाही उसवता येऊ नये म्हणून जणू आपल्याविरुद्धच मारली होती. दुपारी विहारातल्या बायका आल्या, ब्लेड आणि दाभण घेऊन गॅलरीत बसल्या. रुक्मिणीही आली, मासे नसलेल्या हातांनी.

“केवढो सुंदर काठ गो! काढताना माझा काळीज चरचरता,” ती म्हणाली.

“माझं नाही चरचरत?”

“मग रड मगे. आम्ही आसंव.”

“शिवून झाल्यावर रडेन. आता डोळ्यात पाणी आलं तर सुईत धागा कोण ओवणार?”

बायका हसल्या. चंद्रप्रकाश कड्यांवर मातकट रंगाचा हात मारत होता. त्याच्या पांढऱ्या मिशीलाही तो लागला होता. वनमालाचा पाय मशीनवर पडला आणि चाक फिरायला लागलं. जातं असो की मशीन, गोल फिरणाऱ्या वस्तूपाशी बाईला गाणं सुचतंच. पण ही ओवी आईची नव्हती. ती तिची तिलाच सुचली.

*सुईबाई पुढं जाई, मागं धागा उरतो,*
*शिवणाऱ्या हाताला गं, कोण याद करतो.*

“आम्ही करतो ना!” गॅलरीतून दोघीतिघींनी एकदम सूर धरला, आणि पुढची ओवी मशीनच्या आवाजात बुडून गेली.

होळीच्या आदल्या दिवशी काशीरामने शेवटची जाळी बांबूला बांधली. रस्त्यावर पोरं लाकडं गोळा करत होती, आणि भिंतीपलीकडे झाडं आपलं एकेक पान सोडायच्या तयारीत उभी होती.

*

पानगळ ऐन भरात आली तेव्हा अनिरुद्ध सर स्वतः जंगलात येऊन गेले. त्या संध्याकाळी दीप्ती धावतच वनमालाच्या दारात आली. धापा टाकत, हसत, शब्द एकमेकांत अडकत.

“काकू, सरांची धडक बसली! चालता चालता सरळ जाळीत घुसले आणि काय म्हणाले माहितीय? ‘सॉरी’! जाळीला सॉरी म्हणाले, काकू! त्यांना वाटलं कुणी माणूस उभंय!”

“लागलं नाही ना त्यांना?”

“छे! मग चष्मा पुसून दहा मिनिटं तिथेच उभे. म्हणाले, पुढच्या दोन वर्षांच्या जाळ्या ह्याच बाईंकडून घ्या. कंपनीचं नावच नाही काढलं.”

वनमालाने चहाचं आधण ठेवलं. साखर दोनदा घातली गेली. दीप्तीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, “काकू, फार गोड झालाय.”

वनमालाने तिच्याकडे पाहिलं, आणि मनापासून हसली.

रविवारी ती रुक्मिणीला घेऊन जंगलात गेली. वाघाच्या भीतीने रुक्मिणीने सबंध वाट वनमालाचा दंड सोडला नाही. काशीराम पुढे, दीप्ती मागे. ओढ्याच्या अलीकडे सगळे थांबले. वर माकडांची टोळी होती. चांगली मोठी, पिल्लाबाळांसकट. एक थोराड माकड खाली उतरलं, पाचोळ्यातून चालत आलं, जाळीच्या बांबूशेजारून, जवळजवळ तिला घासून गेलं. थांबलं नाही. बघितलंही नाही. पलीकडच्या झाडावर चढून पाठ खाजवत बसलं.

रुक्मिणीने तिचा दंड हलवला. “गो, कधीपासून उभी करून ठेवलंस. जाळी खंय आसा तुझी?”

“समोरच आहे.”

“खंय समोर?” रुक्मिणीने डोळे बारीक केले, हात कपाळाशी नेला, मान इकडे वळवली, तिकडे वळवली. “माका काय्येक दिसणा नाय.”

“नीट बघ.”

“बघतंय गो! झाडा दिसतत, पाचोळो दिसता. तुझा शिवलेला कायच दिसणा नाय.”

“नाही ना?” वनमाला म्हणाली. मान ताठ करून, पदर खांद्यावर नीट घेऊन. “अजून बघ. नाहीच दिसायची.”

वरून सागाचं एक पान सुटलं. गिरक्या घेत खाली आलं आणि जमिनीपासून हातभर उंचीवर, तिथल्या तिथे हवेत थांबलं.